उतरणीची थाप

टीव्हीवरच्या मालिकेत सासू गर्रकन मान वळवते तेव्हा ढाण्ण असा जो आवाज येतो ना, तो मी करते. मान एकदाच वळते, पण दाखवतात तीन बाजूंनी, म्हणून आवाजही तीनदा काढावा लागतो. सून स्वयंपाकघरात पातेलं पाडते, तेही माझंच. हे शिक्षण कुठं घेतलं, असं कुणी विचारलं की मी ‘पुण्यात’ म्हणून मोकळी होते, कारण खरं उत्तर द्यायला बसलं तर समोरच्याचा चहा गार होतो. आता चष्म्याचा नंबर वाढलाय, कानाचंही काही सांगता येत नाही, तेव्हा एकदा ते लिहून टाकते. चहा गार झाला तर पुन्हा तापवून घ्यावा.

आमची वस्ती मांडवगण फराट्याच्या शिवारात. आजोबांच्या उमेदीपर्यंत आमची मेंढरं होती. दिवाळी झाली की घोंगडं खांद्यावर टाकून घरदार कोकणाकडं निघायचं. मग पाणी आलं, ऊस आला, मेंढरं गेली आणि आम्ही बागायतदार म्हणवून घ्यायला लागलो. मेंढवाड्याच्या जागी जर्सी गायींचा गोठा आला. माझी सकाळ उजाडायची ती आवाजांनीच. आधी दुधाच्या किटल्यांचा खणखणाट, मग चुलीपुढं आईच्या भाकरीची थापटी, मग विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर खट्ट करून बसला की आप्पांचं, म्हणजे माझ्या वडलांचं, समाधानाचं खाकरणं. स्टार्टर बसला नाही तरी ते खाकरायचेच, पण त्या खाकरण्यात शिवी असायची. आई भाकरी थापायची ती सगळ्या बायकांसारखीच, पण भाकरी मोठी होत आली की तिच्या हाताची लय बदलायची, आणि डोळे मिटूनही मला कळायचं की आता ती तव्यावर जाणार. थंडीत हुलग्याची शेंगोळी व्हायची. ती रटरटताना जो जाड, बुडबुड आवाज येतो, तो मी पुढं एका भुताच्या मालिकेत दलदलीसाठी वापरला. दिग्दर्शकाला फार आवडला. शेंगोळ्यांचा आहे हे त्याला अजून सांगितलेलं नाही.

मधल्या खोलीत भिंतीला ढोल टांगलेला असायचा, घोंगड्यात गुंडाळून. घरात कुणी आजारी पडलं तर त्याला आधी काढा द्यायचे आणि मग दवाखान्याचा विचार करायचे, पण ढोलाच्या कातड्याला ओल लागलीशी वाटली तर आप्पा तेव्हाच्या तेव्हा हातातलं काम टाकून त्याला उन्हाला न्यायचे. ढोल वाजवण्यात पंचक्रोशीत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि ही गोष्ट लोकांनी सांगायच्या आत ते स्वतःच सांगून टाकायचे. बाईमाणसानं मात्र त्या ढोलाला हात लावायचा नाही, अशी रीत होती. का लावायचा नाही, असं मी एकदा विचारलं. आप्पा म्हणाले, “न्हाई लावायचा.” रीत आणि रीतीचं कारण दोन्ही त्यात आलं. मग मी गोठ्यामागं रिकामा तेलाचा डबा पालथा घालून बसायची आणि आप्पांच्या सगळ्या थापा त्याच्यावर काढायची. आई गोठ्यातून ओरडायची, “मंगल, बास कर गं! गाय पान्हा चोरती!” आप्पांना हे कळत नसेल असं मी धरून चालले होते.

जत्रेत बिरोबापुढं गजी व्हायची, म्हणजे आम्हा धनगरांचा ढोलावरचा नाच. पांढरं धोतर, फेटा, हातात रुमाल, माणसांचं रिंगण आणि रिंगणाबाहेर आप्पा ढोल घेऊन. आधी सुंबरान मांडायचं, म्हणजे देवाचं स्मरण, मग खेळ रंगायचा. खेळ थांबायचा तो उतरणीनं. उतरणी म्हणजे शेवटच्या थापा, डोंगरावरनं मेंढरं खाली यावीत तशा हळूहळू खाली येणाऱ्या. ती वाजेपर्यंत रिंगणातून कुणी बाहेर पडायचं नाही. पाणी नाही, तंबाखू नाही, लघवीला तर नाहीच नाही. आणि एकदा रिंगणात शिरलेल्यानं ढोलाला हात लावायचा नाही, कारण खेळणारा देवाचा, वाजवणारा खेळाचा, अशी वाटणी ठरलेली. आजोबांच्या काळात एकदा वादळानं रिंगण उतरणीविना मोडलं होतं म्हणे, आणि त्या साली बरीच मेंढरं रोगानं मेली. तेव्हापासून उसाचा उतारा कमी आला, चुलता ग्रामपंचायतीला पडला, कुणाची सोयरीक मोडली, तरी वस्तीतली म्हातारी माणसं त्या मोडलेल्या रिंगणापर्यंत मागं जाऊन पोचायची. एवढं काम करणारा दुसरा खुलासा मी आजवर पाहिला नाही.

मी शिरूरच्या कॉलेजात शिकत होते आणि पुढं माझं डीएड करायचं ठरलेलं होतं. त्या काळी आमच्याकडं हुशार मुलगी म्हणजे डीएड आणि फार हुशार मुलगी म्हणजेही डीएडच. अशात विद्यापीठाला ग्रामीण भागाची आठवण झाली. इलेक्ट्रॉनिक संगीताचा महोत्सव तालुक्याच्या दारी न्यायचा असं ठरलं आणि दारासाठी दौंड निवडलं गेलं. पत्रकात कारणं पुष्कळ दिली होती. खरं कारण एवढंच की दौंडला पुण्याहून रेल्वे येते आणि पाहुण्यांना संध्याकाळी परत जाता येतं. दिवसातला मोठा भाग लोडशेडिंगमध्ये घालवणाऱ्या गावात विजेवर चालणाऱ्या संगीताचा महोत्सव भरवायचा, ही कल्पना ज्याला सुचली त्याचं मला अजून कौतुक वाटतं.

महोत्सवाआधी आसपासच्या कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांसाठी दौंडला कार्यशाळा होती. ती घ्यायला निनाद सर आले. आईबापांनी बारशातच त्यांची सोय लावून ठेवली होती. खादीचा झब्बा, गळ्यात हेडफोन. ते बोलायला लागले की वाक्यात एखादा तरी शब्द असा यायचा की आम्ही तो वहीत उतरून घ्यायचो आणि घरी जाऊन घाबरायचो. पण माणूस मनानं वाईट नव्हता. त्यांनी माझ्या हातात एक छोटं रेकॉर्डिंगचं मशीन दिलं आणि म्हणाले, “तुझ्या घरात जे ऐकू येतं ते घेऊन ये.” इतकी वर्षं मला सगळे सांगत होते की घरातलं घराबाहेर न्यायचं नाही. मी त्या मशीनमध्ये किटल्या घेतल्या, स्टार्टर घेतला, आईच्या भाकरी घेतल्या, आणि जत्रेत आप्पांचा ढोल सुंबरानापासून उतरणीपर्यंत घेतला. मग कॉम्प्युटरवर ते सगळं कापून, जोडून, एकावर एक चढवून एक रचना केली. पहिल्यांदा ती स्पीकरमधून आली तेव्हा मला रडू आलं. आपल्याला काय व्हायचंय हे कळण्याची वेळ प्रत्येकाच्या आयुष्यात येतेच असं नाही. माझ्या आली, आणि ती दौंडच्या कॉलेजातल्या पंखा बंद पडलेल्या खोलीत आली.

महोत्सवातून एका विद्यार्थ्याला निवडून पुण्याच्या स्टुडिओत वर्षभर शिकायला न्यायचं होतं, राहण्याच्या सोयीसकट. मी घरी सांगितलं. आई भाकरी थापायची थांबली. आप्पा सुपारी कातरता कातरता म्हणाले, “आमच्या ढोलाचं काय केलंय ते मी येऊन ऐकतो. मंग सांगतो, पुणं का डीएड.” म्हणजे सरांनी निवडलं तरी खरी निवड आमच्या घरातच व्हायची होती. मला त्या रात्री झोप आली नाही.

रचना सरांना आवडली, फक्त शेवट आवडला नाही. त्यांनी उतरणी कापून टाकली.

“शेवट ही सरंजामी कल्पना आहे, मंगल,” ते म्हणाले. “इलेक्ट्रॉनिक संगीतात शेवट नसतो, आवर्तन असतं. लूप.”

“पण सर, उतरणी वाजली नाही तर थांबता येत नाही.”

“एक्झॅक्टली!” सर इतक्या जोरात म्हणाले की मी वहीत तेही लिहून घेतलं.

महोत्सवाला पुण्याहून डीजे येणार, हे वस्तीवर कळलं तेव्हा खरी तयारी सुरू झाली. आमच्याकडं डीजे म्हणजे टेम्पोवर रचलेली खोक्यांची भिंत. वरातीत ती पुढून गेली की मांडणीतली भांडी खाली येतात आणि ज्याच्या घरची जास्त भांडी पडली त्याच्या दारात जास्त वेळ थांबतात. दौंडात अशी सगळ्यात मोठी भिंत युसुफचाचांची. त्यांची शबाना माझी मैत्रीण, माझ्याबरोबर कार्यशाळेतच होती, आणि महोत्सवाचे स्पीकर त्यांचेच होते. पुण्याचा डीजे आला तो एक काटकुळा पोरगा, शेंडीसारखे केस बांधलेला, काखेत एक बॅग. चाचांनी त्याच्यामागं रस्त्यावर लांबवर नजर टाकली आणि अदबीनं विचारलं, “बाकीचा डीजे मागनं येतोय काय, बेटा?”

महोत्सवाच्या दिवशी आमची मंडळी दुधाच्या टेम्पोत बसून भीमेचा पूल ओलांडून आली. ढोलाचा मान म्हणून सगळे खेळाच्या पोशाखात, पांढरेशुभ्र. त्यात भिवाआबा होते, वस्तीतले सगळ्यात म्हातारे, रिंगणात शीळ घालून पावलं बदलायला लावणारे. त्यांचे गुडघे इतके दुखायचे की ते टेम्पोतून उतरताना दोन माणसं लागली. आईनं डब्यात शेंगोळी आणि भाकरी आणल्या होत्या. ढोल आणू नका, तो कॉम्प्युटरमध्ये आहे, असा सरांचा निरोप होता, म्हणून ढोल घरीच राहिला. आप्पांनी त्यावर विचार करून ठेवला होता. ते सरळ मंचावर गेले, कॉम्प्युटरपुढं नारळ फोडला आणि पडद्यावर भंडारा उधळला. काटकुळा डीजे हळद तबकड्यांवर पडू नये म्हणून आडवा झाला, तर थोडी त्याच्याही कपाळी गेली. सरांनी हे सगळं विद्यापीठाच्या पाहुण्यांना समजावून सांगितलं. त्यांनी सांगितलेलं आप्पांना ऐकू आलं असतं तर आप्पाही चकित झाले असते.

दुपारी डीजेनं माझी रचना लावली. आधी किटल्या वाजल्या. आईनं मान वर केली, कारण त्यातली एक किटली पोचा पडलेली होती आणि तिचा आवाज ती हजारांत ओळखेल. मग भाकरी. मग स्टार्टर खट्ट करून बसला आणि आप्पा सवयीनं खाकरले. लोक हसले. आणि मग युसुफचाचांच्या भिंतीतून आप्पांचा ढोल आला, जत्रेत येतो त्याच्या कितीतरी पट मोठा. भिवाआबांचे पाय खुर्चीतच हलायला लागले. त्यांनी सुंबरान ओळखलं, रुमाल काढला, आणि ज्या माणसाला उतरायला दोघं लागले होते तो एकटा उठून मैदानात गेला. मागोमाग सगळे गेले. रिंगण झालं. आप्पा जन्मभर रिंगणाबाहेर उभे राहून वाजवत आलेले, आज पहिल्यांदा त्यांचा ढोल वाजत होता आणि त्यांचे हात मोकळे होते. ते लहान पोरासारखे हसले आणि रिंगणात शिरले. आप्पांना मी तसं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

आईनं माझा दंड धरला. “आगं, ह्येबी गेलं की! मंग उतरणी कोन घेणार?”

उतरणी सरांनी कापली होती, हे सांगायला मला तोंड नव्हतं. ढोल त्याच त्याच फेऱ्यात फिरत राहिला. पहिल्यांदा मंडळी रंगात होती. मग घामानं फेटे भिजले. मग आप्पा ढोलाकडं बघावं तसं स्पीकरकडं बघायला लागले, आता उतरेल, आता उतरेल म्हणून. डीजेला वाटलं लोकांना आवडतंय, त्यानं वेग थोडा वाढवला. भिवाआबांचा चेहरा पांढरा पडत चालला होता, पण शीळ थांबत नव्हती. मी धावत सरांकडं गेले.

“सर, बंद करा. उतरणी हवी. ती माणसं थांबू शकत नाहीत.”

“बघतेस ना?” सरांच्या डोळ्यांत पाणी होतं. “पुण्यात असं कधी होत नाही. लोक मध्येच चहाला जातात.”

आई डोळे मिटून पुटपुटत होती. काय करतेस म्हणून विचारलं तर म्हणाली, “लाईट जाऊ दे म्हनून बिरोबाला सांगती.” आयुष्यभर लाईट यावी म्हणून नवस बोललेली बाई. आणि देवानं ऐकलं. की वीजमंडळानं ऐकलं, कुणास ठाऊक. वेळापत्रकाप्रमाणे, मिनिटाचाही उशीर न करता लाईट गेली. भिंत गप्प झाली. सर किंचाळले, “जनरेटर! चाचा, जनरेटर!” युसुफचाचांनी रिंगणाकडं पाहिलं, भिवाआबांच्या पायांकडं पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, “डिझेल खतम झालंय साहेब.” सकाळीच टाकी भरताना मी त्यांना पाहिलं होतं.

पण रिंगण थांबलं नाही. थांबणार कसं? ढोल गेला होता, उतरला नव्हता. भर दुपारी, कॉलेजच्या मैदानात, म्हातारी माणसं नुसत्या पावलांच्या आवाजावर आणि आबांच्या फाटलेल्या शिळेवर फिरत होती. आप्पा माझ्या समोरून गेले आणि माझ्याकडं बघितलं. फेरी घेऊन आले, पुन्हा बघितलं. आईकडं नाही, सरांकडं नाही, माझ्याकडं. तेव्हा मला कळलं की गोठ्यामागच्या डब्याचं त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं.

मला फार भीती वाटली. चुकले असते तर पुणं गेलंच असतं, वर पुढच्या पन्नास वर्षांचं प्रत्येक संकट माझ्या नावावर लागलं असतं. पण आबा अडखळले आणि भीतीला वेळ राहिला नाही. ढोल घरी होता. जवळ होतं ते चाचांचं एक लाकडी खोकं, भिंतीतलं सगळ्यात खालचं, माझ्या कमरेएवढं. शबानानं त्याच्यावरच्या वायरी ओढून बाजूला केल्या. मी वाकले आणि दोन्ही हातांनी थाप मारली. आत पोकळ होतं, आवाज मोठा आला. रिंगणातली सगळी डोकी एकदम वळली, मालिकेतल्या सासूसारखी. मी खाली मान घालून वाजवत राहिले. आधी त्यांच्या पावलांच्या वेगानं, मग जरा सैल, मग आणखी सैल, आप्पा करतात तसं. पावलं माझ्या हाताबरोबर खाली यायला लागली. शेवटची थाप पडली आणि रिंगण उभं राहिलं. “बिरोबाच्या नावानं चांगभलं!” आप्पा ओरडले, आणि भिवाआबा जागच्या जागी बसले. आईनं त्यांच्या तोंडाला पाण्याचा तांब्या लावला.

पुढचं थोडक्यात. लाईट नसल्यानं सरांनी माइकशिवाय भाषण केलं. यंत्राच्या मृत्यूनंतर मानवी देह संगीत ताब्यात घेतो ही त्यांच्या मांडणीची पुढची पायरी होती, आणि ती आम्ही अचूक सादर केली, असं त्यांनी पाहुण्यांना सांगितलं. पुण्याला जायला माझी निवड तिथंच जाहीर झाली, जे मी केलंच नव्हतं त्यासाठी. डीजेनं खोक्याच्या आवाजाची चौकशी केली आणि शेंगोळी दोनदा मागून घेतली. मंडळीत वेगळाच वाद पेटला होता, बाईमाणसानं उतरणी घेतली ती चालते का. दोन्ही बाजूंनी बरीच तोंडं चालली. भिवाआबा गुडघ्यांना तेल चोळत ऐकत होते. शेवटी म्हणाले, “रीत ढोलाची हाय. पोरीनं खोक्याला हात लावलाय.”

“आन् खोकं माझं हाय,” युसुफचाचा म्हणाले. “आपली काय तक्रार न्हाई.”

एवढ्यावर धर्मशास्त्र मिटलं. आप्पांचा निकाल मात्र अजून यायचा होता.

परतीला ऊन कललं होतं. टेम्पोत रिकाम्या किटल्यांमध्ये सगळे दाटीवाटीनं बसलो. आबा झोपले होते, आई माझ्याकडं बघायचं टाळत होती. आप्पा माझ्यासमोर, हात गुडघ्यांवर. मी मनातल्या मनात डीएडच्या पुस्तकांना कव्हरं घालायला घेतली होती. टेम्पो भीमेच्या पुलावर चढला, किटल्या एकमेकींवर आदळायला लागल्या, आणि त्या आवाजात आप्पा पहिल्यांदा बोलले.

“शेवटची थाप घाईनं पडली तुझी.”

आजवर त्यांनी माझा अभ्यास, माझा स्वयंपाक, माझी ओढणी, सगळ्यात चुका काढल्या होत्या. पण थापेतली चूक ते फक्त ढोल वाजवणाऱ्याला सांगायचे.

“व्हय आप्पा,” मी म्हणाले. “आबा पडतील असं वाटलं.”

“पडू दे न्हाईतर काय बी होऊ दे. उतरणीला घाई न्हाई करायची.” पूल संपला, किटल्या गप्प झाल्या, तेव्हा म्हणाले, “पुन्याला बी करू नगं.”